पिठाचे ठिपके

मला घाण सहन होत नाही. कौतुक म्हणून सांगत नाही, खोड आहे ती. नाचणगावला माहेरी आई दिवसातून दोनदा ओसरी पुसायची, आणि पाहुणा उठला की तो बसला होता त्या जागेवरून ओला फडका फिरवायची, कधीकधी पाहुणा फाटकापर्यंत पोचायच्या आत. तेच माझ्यात उतरलं. दुसऱ्याने तोंड लावलेल्या पेल्याचा वास मला हातभर अंतरावरून येतो. अशा मुलीला नवरा मिळाला नाकेदार, म्हणजे जंगलखात्यातला फॉरेस्ट गार्ड, ज्याच्या बुटांना रोज कुठल्या ना कुठल्या जनावराची विष्ठा लागलेली असायची. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी ते बूट काडीने उचलून बाहेर ठेवले.

ऐंशी साल उजाडायला दोनेक वर्षं अवकाश होता. तळेगावच्या पुढे, जंगलाला लागून खात्याची पाच-सहा क्वार्टर्स होती, त्यात आमच्या दोन खोल्या. आषाढात एका दुपारी हे सायकलवरून आले. हँडलला पिशवी, आणि पिशवीतून एक ओलं नाक बाहेर आलेलं.

"चितळाचं पिल्लू हाये," हे म्हणाले. "कुत्र्यायनं माय फाडली तिची. आठ-दहा रोजाची असंन. दूध पाज तिले."

"मी काऊन?"

"मंग कोन? मी ड्युटीवर जाऊ का दूध पाजत बसू?"

शेजारणी जमल्या. किती गोड, किती मोठे डोळे, असं सगळं म्हणून झालं. मीही एकदा नीट वाकून पाहिलं, आणि नेमकी कानाच्या आत चिकटलेली राखाडी, टम्म फुगलेली गोचीड दिसली. माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर मी त्या पिल्लाकडे शक्यतो पाहायचंच नाही असं ठरवलं. कर्तव्य म्हणून जे करायचं ते करीन, पण डोळे दुसरीकडे ठेवून.

दूध म्हशीचं आणलं. घट्ट दुधाने जनावर लवकर अंग धरतं असं सगळ्यांचं मत पडलं, म्हणून त्यात वरून साखर. बाळाची बाटली आणि रबरी बूच शेजारणीने दिलं. पिल्लू हावरटासारखं ओढायचं, अर्धं पोटात, अर्धं हनुवटीवरून गळ्यावर. ते गळ्यावर सुकायचं, आंबायचं, आणि मागच्या पडवीत पाऊल टाकलं की नासक्या दुधाचा वास नाकात शिरायचा. तिसऱ्या दिवसापासून त्याला ढाळ लागली. पिवळी, पातळ, चिकट. शेपटीखालून दोन्ही मांड्यांवर ओघळायची आणि तिथेच वाळायची. त्यावर माशा. मी त्या पडवीत जाताना दाराशी उभी राहून आधी एक मोठा श्वास भरून घ्यायची आणि तो पुरेल तेवढ्यात काम उरकून बाहेर यायची.

काम म्हणजे आंघोळ. सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न चुकता. नाकाला पदर बांधून, तोंड भिंतीकडे करून, कढत पाणी, कपडे धुवायचा पिवळा साबण, आणि बादलीत टोपणभर फिनेल. नारळाच्या शेंडीने खसाखसा घासायची. पिल्लू पाय झाडायचं, थरथरायचं, पण ओरडायचं नाही. हरणाचं पिल्लू ओरडत नाही, हे मला तेव्हा सोयीचंच वाटलं. नाकेदाराच्या बायकोने पिल्लाची आबाळ केली असं कोणी म्हणू शकलं नसतं. उलट कॉलनीत माझ्या टापटिपीचं नाव झालं.

मग मोरी तुंबायला लागली.

पहिल्यांदा मला वाटलं माझेच केस. काडी घालून ओढलं तर तांबूस, राठ केसांचा ओला बोळा हातात आला, आणि त्याला साबणाचा फेस, आणि त्या फेसात कोंड्यासारखे कातडीचे पापुद्रे. मी तो बोळा टाकला आणि हात इतका वेळ धुतला की बोटांना सुरकुत्या पडल्या. पुढच्या आठवड्यात शेपटीखालचा भाग उघडा पडला, मग मांड्या, मग गळा. उघडी कातडी आधी गुलाबी होती, मग लाल झाली, मग तिला पाणी सुटलं. पाठीवर हात फिरवला की केस मुठीने यायचे. मी हात फिरवत नव्हते म्हणा. शेंडी फिरवत होते.

तेव्हा गावभर डॉक्टर निघाले. कोणी तंबाखूचं पाणी सांगितलं, ते मी लावलं. हे कुठल्याशा ट्रकवाल्याकडून डबाभर जळकं ऑइल घेऊन आले, बैलाच्या खरजेवर लावतात म्हणून. काळं, चिकट, घाणेरडं. मी ते एक दिवस ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सोड्याच्या पाण्याने सोलून काढलं, कारण पिल्लू जिथे बसे तिथे भिंतीला काळा डाग पडत होता आणि तो मला बघवत नव्हता. त्यानंतर पाठही गेली. श्रावणाच्या मध्यावर माझ्या पडवीत जे उभं होतं त्याला चितळ म्हणायला धीर लागला असता. चार काटक्या, एक मोठं डोकं, आणि मधे भाजलेल्या वांग्याची साल निघावी तशी कातडी. ठिपके तर राहिलेच नव्हते.

आणि एवढं करून, मी दार उघडलं की ते मान वर करून बारीक आवाज काढायचं. फक्त मला पाहून. ह्यांना पाहून नाही, शेजारणींना पाहून नाही. उठून लडखडत यायचं आणि माझ्या पदराचं टोक तोंडात घेऊन चोखायचं. त्या पदराला मग ती लाळ. मला त्या मायेचाही राग यायचा. कशाला माझ्याच मागे लागलंय, असं मी चक्क मोठ्याने म्हणायची.

कॉलनीची गुरं चारायला एक गोवारी म्हातारी होती. तिच्या स्वतःच्या दोन गौळाऊ गाई, बाकी ढोरं लोकांची. पिल्लू आणलं त्या दुपारी शेजारणींबरोबर तीही पाहून गेली होती. ती एकदा आमच्या मागच्या बाजूने जाताना थांबली. मी नाकाला पदर बांधून पिल्लाला घासत होते. ती कुंपणाशी उभी राहून बघत राहिली.

"काऊन बाई, का करून राह्यल्या तुम्ही?" ती म्हणाली.

"दिसत नाही? खरूज झालीय. धुतेय."

"खरूज नाई हे." ती आत आली, विचारल्याशिवाय, चिखलाच्या पायांनी, आणि तिने सरळ त्या पिल्लाची शेपटी उचलून आत बोट लावून पाहिलं. मी दोन पावलं मागे सरले. "म्हशीचं दूध पचत नाई तिले. ते मांगून वायते, त्यानं कातडी जयते. आन जे वाचलं ते तुम्ही साबनानं सोलून काढलं."

रोज एवढं करून हे ऐकायचं, असा माझा संताप झाला होता.

"तिची माय का साबन लावत होती तिले?" म्हातारी म्हणाली. "हरनी जिभीनं चाटते. पुढून, मांगून, गयाखालून. चाटल्याबिगर पिल्लू मुततही नाई सुरवातीले. तुम्ही जीभ व्हा तिची."

"म्हणजे?"

"मऊ फडकं घ्या, कोमट पानी. केसाच्या अंगानं हळू हळू पुसा. घासू नोका. मंग कोरडं करा. शेपटीखाली बोटानं पुसा, फडक्यानं टोचते. रोज चार-पाच डाव. दूध माह्या गाईचं घेऊन जा, पानी घालून पाजा, थोडं थोडं. कानात करंजीचं तेल, बस."

मी तिला स्पष्ट सांगितलं की हे माझ्याने होणार नाही. साबण नाही, फिनेल नाही, आणि त्या जागी माझं उघडं बोट. त्यापेक्षा तूच कर, हवं तर घेऊन जा. ती म्हणाली, आता ते तुमच्या वासावर लागलंय, दुसऱ्याच्या हातानं खाणार नाही. आणि ढोरांमागे निघून गेली. मी तिने जिथे पाय ठेवले होते ती फरशी धुवून काढली. दूध मात्र तिच्याकडचं सुरू केलं, कारण त्याला हात लावावा लागत नव्हता. ढाळ थांबली. कातडी तशीच राहिली, कारण आंघोळ मी थांबवली नाही.

पोळा आठ दिवसांवर आला तेव्हा रेंजर साहेब फेरीवर आले. त्यांनी पडवीच्या दारातूनच पाहिलं आणि रुमाल नाकाला लावला. मला तेव्हा ते फार शहाणे वाटले होते.

"हे संसर्गाचं दिसतंय," ते ह्यांना म्हणाले. "पोळ्याला इथे गावचे सगळे बैल येणार. आणि दुसऱ्या दिवशी मुलांच्या तान्ह्या पोळ्याला आमच्या बाईसाहेब बक्षिसं द्यायला येतील, त्यांना हे पिल्लू बघायचंय, मी बोलून बसलोय. तोवर अंगावर केस आले तर ठेवा. नाहीतर जंगलात सोडून द्या."

साहेब गेल्यावर मी ह्यांना विचारलं, सोडलं तर काय होईल. हे सायकलची चेन बघत म्हणाले, "कुत्रे हायेत ना. सकाळपर्यंत कायले टिकते."

आठ दिवसांत केस येत नाहीत. ते मलाही कळत होतं. पण ते पिल्लू कुत्र्यांच्या तोंडी जायचं, हेही मला चालणार नव्हतं. कणव म्हणावी इतकं मऊ काही माझ्यात नव्हतं. चीड होती. दोन महिने ज्याची घाण काढली ते एका रुमालवाल्याच्या शब्दाने कुत्र्यांना घालायचं? आणि तो बारीक आवाज होता. तो यापुढे दार उघडल्यावर येणार नाही, हा विचार मनात आला की मी दुसरं काम काढायची.

पोळ्याला बैलांच्या अंगावर गेरूचे ठसे उठवतात, तेव्हा घरोघरी गेरू कालवलेला असतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी वाटीभर मागून आणला. नुसता गेरू पावसात धुऊन जाईल म्हणून बाभळीचा डिंक भिजवून त्यात घातला. कापसाचा बोळा करून पिल्लाच्या सगळ्या उघड्या कातडीवर फासला, तोंड थोडं वळवूनच. वाळल्यावर तांदळाचं पीठ डिंकाच्या पाण्यात घट्ट कालवलं आणि काडीला कापूस गुंडाळून ठिपके द्यायला बसले. रांगोळीत कॉलनीत माझा हात धरणारं कोणी नव्हतं. एका रेषेत, सारख्या अंतरावर, दोन्ही बाजूंना आठ आठ रांगा. हे येऊन बघत राहिले.

"अवो, खरी चितळच दिसून राह्यली," हे म्हणाले.

मला अभिमान वाटला. डिंक वाळताना कातडी ओढून धरत होता, पिल्लू दर थोड्या वेळाने पाठ आक्रसून घेत होतं. ते मी पाहिलं, आणि नवीन रंगाची सवय नसेल म्हणून सोडून दिलं.

पोळ्याचा दुसरा दिवस. सकाळी गावाने मारबत नावाची बाहुली काढली, म्हणजे खरूज, खोकला, ढेकूण, डास, सगळी रोगराई त्या बाहुलीच्या नावाने ओरडत शिवेबाहेर नेऊन टाकली. दुपारी रेस्ट हाऊससमोरच्या मैदानात तान्हा पोळा. आंब्याच्या पानांचं तोरण, त्याखाली मुलं आपापले चाकांचे लाकडी नंदी घेऊन ओळीने उभी. त्या ओळीच्या शेवटी मी, नवं लुगडं नेसून, आणि दोरीला ते पिल्लू. दुरून ते खरंच सुंदर दिसत होतं. सगळ्यांनी माना वळवून पाहिलं.

बाईसाहेब मुलांची बक्षिसं देत देत आमच्यापर्यंत आल्या. फिक्या रंगाची साडी, हातात रुमाल. "अगंबाई, किती शहाणं उभं राहिलंय," म्हणाल्या, आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी मानेपासून शेपटीपर्यंत लाडाने हात फिरवला, थोडा दाबून, मांजराला फिरवतात तसा.

डिंकाचा पापुद्रा त्यांच्या तळहाताबरोबर सुटला. नुसता रंग नाही. खाली धरलेली खपली, तिच्याखालची ओली कातडी, सगळं एका पट्ट्यात वर आलं आणि बाईसाहेबांच्या बोटांना चिकटून लोंबलं. खालून जे उघडं पडलं ते लाल, पाणावलेलं होतं, आणि दोन दिवस झाकून ठेवलेला वास एकदम मोकळा सुटला. पिल्लू खाली बसलं. आवाज नाही.

बाईसाहेब हात अंगापासून लांब धरून उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. ते तोंड मी दोन महिने रोज करत होते.

मैदान मागे सरलं. बायांनी पोरं आणि नंदी ओढून घेतले. कोणीतरी बाई मागून म्हणाली, "मारबत सकाळी गेली व, हे मांगं राह्यली वाटते." त्यावर हशा पिकला. मलाही आधी त्या पिल्लाचीच लाज वाटली, हे मी कबूल करते. साहेब ह्यांना म्हणाले, "उद्या सकाळी सोडून या." हे म्हणाले, "हो साहेब."

पिल्लू त्या सगळ्या पायांमधून मला शोधत होतं. उठता येत नव्हतं, म्हणून मान लांब करून माझ्या पदराकडे तोंड नेत होतं. मला त्या हसणाऱ्या बायांची, त्या रुमालाची, आणि वाटीभर गेरू कालवणाऱ्या माझ्या स्वतःच्या हातांची इतकी शिसारी आली की पिल्लाची शिसारी त्यापुढे काहीच नव्हती. मी वाकले आणि त्याला उचललं. कधीच उचललं नव्हतं. ती सोललेली, ओली, गरम कूस माझ्या मानेला आणि नव्या लुगड्याला चिकटली. मी त्याला घेऊन रेस्ट हाऊसच्या मागे गेले आणि तिथे ओकले. पिल्लू खाली ठेवलं नाही, त्याला काखेत धरूनच ओकले.

तिथून तशीच म्हातारीच्या गोठ्यात गेले. ती गाईला कडबा टाकत होती. माझं लुगडं बघून तिने चुलीवर पाणी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे रिकामं पोतं सायकलला बांधून जंगलात गेले, तासाभराने रिकामं पोतं घेऊन परत आले, आणि फेरीच्या डायरीत पिल्लू सोडल्याचं लिहिलं. एवढं धाडस त्यांनी नोकरीत दुसऱ्यांदा केलं नाही.

मी रोज चार वेळा गोठ्यात जात होते. कोमट पाणी, जुन्या धोतराचं मऊ फडकं, केसांच्या अंगाने. गेरू आणि डिंक निघायलाच चार दिवस लागले, भिजवून, थेंब थेंब, कारण ओढला की कातडी यायची. शेपटीखाली बोटाने. किळस गेली असं मी म्हणणार नाही. ती अगदी शेवटपर्यंत आली, दर वेळी पोटातून आली, आणि मी तरी केलं एवढंच. पदर मात्र नाकावरून सोडावा लागला, कारण त्याचं टोक पिल्लाच्या तोंडात असायचं. आणि म्हातारी समोर बसून बघायची, त्यामुळे तोंडही वळवता येईना.

पुढे ते मोठं होऊन उन्हाळ्यात म्हातारीच्या ढोरांबरोबर जंगलात जायला लागलं आणि एके दिवशी ढोरं परत आली, ते आलं नाही. पण सांगायचं आहे ते त्याआधीचं.

दिवाळीला कातडी कोरडी झाली. मग तिच्यावर बारीक लव आली, आधी पाठीवर, मग मांड्यांवर. थंडी पडली तेव्हा ती लव दाट होऊन तांबूस झाली, आणि तिच्यात पांढरं उमटायला लागलं. मी फडकं हातात घेऊन बघत बसायची. मला वाटत होतं, मी काढलेले ठिपके होते तसेच येतील, आठ रांगा.

त्यातला एकही तिथे आला नाही. पाठीच्या कण्यालगत दोन ओळी, त्या मध्येच तुटलेल्या. कुशीवर वाटेल तसे विखुरलेले. डाव्या मांडीवर दोन ठिपके एकमेकांना चिकटून एक झालेले, आणि मानेमागे एक अगदी लहान, एकटा.

म्हातारी शेण भरत होती. मी तिला ते मांडीवरचे दोन दाखवले. म्हटलं, "हे नवीनच आलं."

तिने मान वर करून पाहिलं. "नवीन कायचं बाई," ती म्हणाली. "आनलं त्या रोजीच होतं ते."